थांबा, ढोल येतोय

आमच्या मांडवगणातला बिरूतात्या बोलता बोलता मधेच हाताचा पंजा वर करतो आणि म्हणतो, "थांबा, ढोल येतोय." ढोल कुठंच नसतो. तो त्याच्या डोक्यात वाजत असतो. चार ठोके होईपर्यंत तात्या डोळे मिटून उभा. मग पंजा खाली, बोलणं पुढं चालू. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमनला त्यानं असं गप्प केलंय. एका लग्नात तर मंगलाष्टकं थांबवली.

हा ढोल दौंडच्या बँडचा. लग्नातला बँड नव्हे. रेल्वे क्वार्टरमधली चार पोरं गिटारी घेऊन मुंबईला गेली, परदेशात वाजवून आली, मोठी झाली आणि आपल्या गावच्या मैदानावर तीनदा वाजवून गेली. गाणी सगळी इंग्रजी. तात्याला सही करतानासुद्धा घाम फुटतो, पण पहिल्या दोन्ही खेपेला धोतर-पटक्यात हा सगळ्यात पुढं. बाप-आजा मेंढरं राखणारे. जत्रेतल्या ढोलांत वाढलेला माणूस, म्हणून ड्रम वाजवणाऱ्याला तो 'आपला ढोल्या' म्हणतो.

पहिल्या खेपेला त्यानं घोळ घातला. यांच्या धनगरांत ढोल रंगात आला की ढोल्यावर भंडारा उधळतात, तो मान असतो. तात्यानं कनवटीची पिशवी सोडली आणि मुठी भरभरून हळद स्टेजवर फेकली. हळद यंत्रांत गेली, भोंगे घरघरले आणि बंद पडले. पोलिसानं तात्याची गचांडी धरली. तेवढ्यात ड्रमवाला पिवळ्या तोंडानं पुढं आला. म्हणाला, "सोडा त्यांना. आमच्या क्वार्टरमागं यांचीच माणसं वाजवायची. तिथंच शिकलो मी."

हे तात्या सांगतो. खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक.

दर बाजाराला तात्या दौंडला जायचा आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर पीटर नावाच्या रिटायर गार्डाशी भांडायचा.

"पयली खेपच भारी!"

"दुसरी. पहिलीला तू हळद टाकून अर्धा कार्यक्रम बंद पाडला, तात्या. आम्ही ऐकलं काय?"

"आरं, भोंगं बंद पडल्यावरबी ढोल चालूच हुता की! त्याला कुठं लाईट लागती?"

चहा गार व्हायचा. निकाल कधी लागला नाही.

मी हे सगळं थट्टेवारी न्यायचो. मग आमची घरधनीण गेली. त्यानंतर मी ओट्याखाली उतरलो नाही. भावकी आली, समजूत घालून गेली. त्यांचा मला राग यायचा. तुमच्या बायका घरात भाकरी थापतायत आणि मला शहाणपण शिकवता? आठ महिने असेच गेले.

एका सकाळी तात्या दारात उभा.

"आप्पा, पटका बांधा. बँड येतोय. ह्यो शेवटचा म्हनत्यात."

"मला नाही यायचं. माझी बायको मेलीय आणि मी नाचायला येऊ?"

"नाचाया कोन सांगतंय? निस्तं हुबं ऱ्हायचं," म्हणत तो ओट्यावर बसला.

"तात्या, ऊठ. जा घरी."

"तुमास्नी घेतल्याबिगार हलत न्हाई."

आणि खरंच हलला नाही. जेवला नाही, तंबाखू मळली नाही. मी दोनदा शिव्या घातल्या. दुपार झाली तसा तो उठला, माझ्या चपला आणल्या आणि खाली बसून माझ्या पायांत घालू लागला. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान माणूस. मी पाय मागं घेतला, त्यानं पुन्हा धरला. शेवटी निघालो.

ऊन होतं तोवरच कार्यक्रम सुरू झाला. मैदान गच्च भरलेलं. पहिला ठोका पडला तो थेट बरगड्यांत. शेजाऱ्याचं बोलणं शेजाऱ्याला कळेना. तात्यानं तोंड वासलेलं. मला वाटलं, हा म्हातारा इंग्रजी गाणं म्हणतोय. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. मग नीट पाहिलं तर त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"सुमेऽ! ए सुमेऽ!"

सुमी त्याची लेक. पहिल्या बाळंतपणात गेली. बँड पहिल्यांदा दौंडला आला त्याच्या महिनाभर आधी. तात्या गावात कुणापुढं रडला नाही, घरात तिचं नाव कुणाला काढू दिलं नाही.

मला बघून तो बिचकला नाही. माझ्या कानात ओरडला, "हाक मारा, आप्पा! हितं कुनाला ऐकू जात न्हाई!"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. बेचाळीस वर्षं मी तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. ती खाटेवर होती तेव्हाही 'अगं'च. मी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"चांगुणा!"

पहिली हाक ओठांतच राहिली. दुसरी गेली.