गयाकाकूची डावी चप्पल

भट्टीचा धूर गावात उतरला की आम्ही सगळे धडाधड खिडक्या लावून घेतो. आबा तेवढे आपली खिडकी सताड उघडतात आणि म्हणतात, "ये. बस. आज लई उशीर केलास."

हे ते धुराला म्हणतात. मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, माझ्या कानांनी ऐकलेलं सांगते.

खिडकीत एक चप्पल असते. बाईमाणसाची, डावी, एकटीच. टाच बाहेर आणि बोटं घराकडे. कुणीतरी एक पाय आत टाकलाय आणि दुसरा अजून यायचाय असं वाटतं. गल्लीतली लेकरं तिन्हीसांजेला त्या खिडकीखालून जात नाहीत. खरं सांगायचं तर मीही जात नाही.

मला आधी वाटलं, ट्रकच्या मागे बांधतात तशी ही नजरेची चप्पल असेल. म्हणून मी शहाणपणा शिकवायला गेले, "आबा, नजरेची चप्पल उलटी टांगायची असते." आबा म्हणाले, "बराबर हाय," आणि धोतराच्या सोग्यानं चप्पल पुसायला लागले.

"बराबर हाय" हे त्यांचं सगळ्याला उत्तर. एकदा घाईत मी त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. आबांनी कप रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तेच म्हणाले.

आता भट्टीचं सांगते. आमचं गाव बाळापूरच्या रस्त्याला. गावाबाहेर माळावर दवाखान्यांचा कचरा जाळायची भट्टी आहे. बंद गाड्यांतून पिवळ्या पिशव्या येतात. त्यांत रक्ताचे बोळे, सलाईनच्या नळ्या, आणि ऑपरेशनमध्ये माणसाचं जे काही कापून टाकतात तेही. हा धूर पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन मगच चिमणीतून सोडायचा असा नियम आहे. तसं यंत्रही आहे, पण ते प्रदूषणाचे साहेब येणार असतील तेवढ्याच दिवशी चालतं. एरवी काळा धूर तसाच येतो, जळक्या प्लॅस्टिकचा आणि त्याखाली काहीतरी गोडसर, नको वाटणारा वास घेऊन. माझी पिठाची गिरणी आहे. पांढरीशुभ्र ज्वारी दळली तरी पीठ राखाडी निघतं आणि गिऱ्हाईकं माझ्याशी भांडतात. गावातले कावळे तर कधीच निघून गेले.

आबांचं घर भट्टीच्या सगळ्यांत जवळ, त्यामुळे खोकलाही त्यांचाच मोठा. खिडकीत उभे राहिले की डोळ्यांतून धारा लागतात. विचारलं की म्हणतात, "धूर लागून राहिला. दुसरं काय?"

मागे साहेब येणार असं कळलं, तेव्हा गावानं ठरवलं की आबांना पुढं करायचं. एवढा खोकला ऐकून कुणाचंही मन द्रवलं असतं. पण आबा अडून बसले. "मी त्या धुराला वाईट बोलणार न्हाई." झालं! भट्टीवाल्यांनी म्हाताऱ्याला पैसे चारले, अशी गावात कुजबुज सुरू झाली. माझं डोकं फिरलं. पिठाच्या हातांनीच मी त्यांच्या दारात गेले.

"आबा, छाती फुटून मरायची वेळ आली अन् धुराची बाजू घेता? काहून?"

आबा चप्पल पुसत राहिले.

"सुमन, साखरेच्या बिमारीनं तुझ्या काकूचा डावा पाय सडला. दवाखान्यात कापला. मी म्हणलो, पाय द्या, पुरतो. ते म्हणले, तसा देता येत न्हाई, पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाते. कोणत्या भट्टीत, तर आपल्याच." त्यांनी चिमणीकडे हात केला. "पाठोपाठ ती बी गेली. बाकी सगळी मी जाळली, नदीत सोडली. पाय तेवढा हितं येऊन राहिला."

मला गयाकाकूंचा दहावा आठवला. पिंड ठेवून सगळं गाव ताटकळत उभं होतं. दिरानं आभाळाकडे बघून सांगितलं, "वहिनी, तुझी पाटली थोरल्या सुनेला देतो." धाकट्या सुनेनं तिथंच तोंड वाकडं केलं. मुलानं म्हैस न विकण्याचं वचन दिलं. एकही कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि बाईचा जीव कशात तरी अडकलाय असं म्हणत लोक घरी गेले. त्यानंतर ती चप्पल खिडकीत आली.

धूर म्हणजे नुसता धूर असतो, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी एवढंच विचारलं, "आबा, गावातले कावळे कशानं गेले?"

"धुरानं."

"मग काकूला अडकवलं कुणी?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "बराबर हाय" सुद्धा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा चिमणीतून अगदी सोज्वळ पांढरा धूर निघत होता. साहेब समाधानानं गाडीकडे वळले, तेवढ्यात आबा हातात चप्पल घेऊन चालत आले. साहेब झटकन मागे सरले. शिपायानं आबांचा हात धरला.

"मारत न्हाई, साहेब. बोट फिरवा. काल तिन्हीसांजेला पुसून ठेवली व्हती."

साहेबांनी बोट फिरवलं. ते काळंभोर झालं.

"धूर धुऊन सोडा," आबा खोकत म्हणाले. "माझी बायको काजळीतून अनवाणी येऊन राहिली."

कुणी हसलं नाही. साहेबांनी रुमाल काढला, पण बोट पुसलं नाही.

लगेच काही घडलं नाही. पण पुढे साहेब न सांगता आले, यंत्र बंद सापडलं, भट्टीला टाळं लागलं. पुन्हा सुरू झाली ती यंत्र चालू ठेवूनच, कारण साहेब आता केव्हाही येतात. धूर विरळ झाला, आबांचा खोकलाही कमी झाला. मात्र ते उघड्या खिडकीत उभे राहायचे आणि आत काहीच यायचं नाही. एकदा मला म्हणाले, "सुमन, आता कोण येणार गं?" मला फार वाईट वाटलं. मी चहा करून दिला.

पितृपंधरवड्यात काकूंच्या तिथीला आबांनी भिंतीवर घास ठेवला. मी शेजारीच होते. कुठून कोण जाणे, एक कावळा येऊन बसला आणि टुणटुणत घासाकडे निघाला. एकाच पायावर. डावा पाय पोटाशी आखडलेला होता. पतंगाच्या मांज्यात सापडला असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि भिंत घट्ट धरली.

"बराबर हाय," आबा पुटपुटले. "सावकाश खा. घाई न्हाई."

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्या दिवशी निमित्त सांगायला आभाळात कुठं धूर नव्हता.