केरू आजोबांचं दुसरं बारसं

एका जंगलात एक म्हातारा रानडुक्कर राहत होता, मुलांनो. त्याचं नाव केरू.

हसून घ्या. झालं? मग पुढे सांगतो.

केरूच्या आधी त्याच्या आईची पिलं जगली नव्हती. म्हणून केरू जन्मला तेव्हा त्याला पाचोळ्याच्या ढिगावर टाकलं आणि केर म्हणून परत उचलून आणलं. तो जगला. त्या कळपात सगळ्यांची नावं अशीच. धोंडू, दगडू, भिकू. नाव ओबडधोबड असलं की पोराला दृष्ट लागत नाही, असं जुनी डुकरं म्हणत.

केरूला हे पटत नसे. तो म्हणे, "मी जगलो तो माझ्या सुळ्यांवर. वाघसुद्धा मला भितो."

तसं वाटायला जागा होती. त्या जंगलाचा राजा वाघ. तो कितीदा तरी केरूच्या शेजारून गेला, पण त्याने कधी पंजा उगारला नाही. अशा वेळी केरू नाक वर करून उभा राही. आम्ही म्हातारे असेच. कुणी आपल्या वाटेला गेलं नाही, की आपला धाक आहे असं धरून चालतो.

पुढे केरूला नातू झाला. केरूने लगेच हुकूम सोडला. "पोराचं नाव धोंडू. माझ्या बापाचं नाव."

त्याची सून कुंदा म्हणाली, "मामंजी, अशी नावं आता कुणी ठेवत नाही."

"का? काय वाईट आहे?"

"अर्थ काय त्याचा?"

"दगड."

"तेच म्हणते मी."

केरूचा मुलगा भिकू तिथेच कंद उकरत होता. तो उकरत राहिला. घरात वाद लागला की त्याला नेहमी कंद सापडत.

आता कुंदाचं ऐका. वाघाला नुकताच बछडा झाला होता. त्याचं नाव ठेवलं व्याघ्रेश. तेव्हापासून जंगलात ज्याला त्याला पोराच्या नावाच्या शेवटी श हवा झाला. नावं सांगायला एक पोपट होता. तो पूर्वी शहरात पिंजऱ्यात असे. त्या घरात मूल झालं आणि सगळं घर नाव शोधायला बसलं. पोपट ऐकत राहिला. एक दिवस पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. तो उडाला आणि जंगलात येऊन पंडित झाला. नाव तो फुकट सांगे. अर्थाला पेरू घेई.

कुंदा पेरू घेऊनच गेली. मागोमाग केरूही गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"तुमच्यासाठी एक खास आहे," पोपट म्हणाला. "वराहेश."

"अर्थ?"

"डुकरांचा राजा."

कुंदाने नाक मुरडलं. "डुक्कर नको हो त्यात."

"मग पंकेश घ्या. चिखलाचा स्वामी."

"ते आमच्या शेजारणीला दिलंत ना तुम्ही? सगळीकडे मिरवत असते."

पोपटाने पेरूत चोच खुपसली आणि डोळे मिटले. "ओजांश. तेजाचा तुकडा. अख्ख्या जंगलात दुसरा नाही."

कुंदाचे कान उभे राहिले. केरूला राहवलं नाही. "सगळ्यांच्या शेवटी श. पोरांना हाका मारता, का साप हाकलता?"

कुंदा वळली. "आणि तुमचं काय हो मामंजी? केरू, धोंडू, दगडू, भिकू. यांच्या शेवटी काय निरनिराळं आहे?"

केरूने सगळी नावं मनात म्हणून पाहिली. मग त्याला एकदम तहान लागली आणि तो पाणवठ्यावर निघून गेला.

बारसं थाटात झालं. त्या कळपात पाळणा म्हणजे एक खळगा असे, मऊ पानं अंथरलेला. त्यात पोराला ठेवायचं. आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचं. आत्याने सांगितलं की नाव पक्कं. मग राजासुद्धा ते बदलू शकत नसे; बदलायचं तर पुन्हा बारसंच. केरूची मुलगी ठकू ही पोराची आत्या. तिने पोराच्या कानात सांगितलं, "ओजांश." सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. केरूनेही खाल्ल्या, पण तोंड वाकडं करून.

काही दिवस गेले. एका सकाळी वाघाचा भालदार, म्हणजे कोल्हा, कळपाजवळ आला.

"तुमच्यात ओजांश कोण?"

"आमचा!" कुंदा पुढे झाली. "का हो?"

"सुंदर नाव. महाराज उद्या दुपारी येताहेत. मी आत्ताच दरबारात पुकारलं. उद्याचं जेवण, ओजांश, म्हणजे तेजाचा तुकडा. टाळ्या पडल्या."

कुंदाने पोराला मागे ओढलं.

केरू पुढे आला. "वाघ आमच्या वाटेला जात नाही. तो मला भितो."

कोल्हा हसला. खोकला येईपर्यंत हसला. "आजोबा, महाराज काय जेवले ते रोज दरबारात सांगावं लागतं. मी काय पुकारू? महाराजांनी आज केरू खाल्ला? काल भिकू खाल्ला? महाराज उपाशी राहतील, पण ते ऐकून घेणार नाहीत. म्हणून इतकी वर्षं त्यांनी तुमच्याकडे पाहिलं नाही. आता तुम्ही नावं सुधारलीत. फार बरं केलंत."

केरूचा एक सुळा कधीच तुटला होता. दुसरा हलत होता. हे त्याला ठाऊक होतं. पण मान्य करायची वेळ त्याने आजवर येऊ दिली नव्हती.

"आणि ओजांश सापडला नाही तर?" त्याने विचारलं.

"दरबारात जाहीर झालंय, आजोबा. राजा खोटा पडला, तर तुमच्यातलं कुणीच उरणार नाही."

कोल्हा गेला. कुंदा पोराला पोटाशी घेऊन रडत होती. केरू बारशाच्या खळग्यापाशी गेला. मग म्हणाला, "ठकू, खळग्यात पानं अंथर."

"कशाला, आबा?"

"बारसं आहे."

"कुणाचं?"

"माझं."

आता मात्र भिकूने कंद सोडला. तो पुढे आला. "आबा, ते नाव मला द्या."

"तुला पोर आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला गुडघे आहेत. तेही दुखतात. बाजूला हो."

केरू खळग्यात उतरला. खळगा पिलाच्या मापाचा. केरू अर्धा आत, अर्धा बाहेर. चारही पाय वर. त्याचा जुना सोबती दगडू काठावर उभा होता.

"पाळणा हलवू का रे?" दगडू म्हणाला.

"जवळ आलास तर बघ."

केरूची आत्या कधीच गेलेली, म्हणून ठकूच वाकली. तिने बापाच्या केसाळ कानाला तोंड लावलं. "कुर्र. ओजांश."

"काय?"

"ओजांश!"

"मोठ्याने बोल. तोंडात कंद आहे का?"

ठकूने असा आवाज काढला की झाडावरची माकडं पळाली. सबंध जंगलाला म्हाताऱ्याचं नाव कळलं. मग तिने भाच्याला खळग्याच्या काठावर ठेवलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "केरू."

कुंदाने पहिल्यांदाच नावाचा अर्थ विचारला नाही.

"बारसं झालं, आता घुगऱ्या?" दगडूने विचारलं. घुगऱ्या आल्या. त्याने त्या मान खाली घालून खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाघ आला. मागे कोल्हा, त्याच्या मागे दरबारी. कळप लपला होता त्या झुडपांच्या जाळीसमोर म्हातारा एकटाच उभा होता.

"ओजांश कुठे आहे?" वाघाने विचारलं.

"मीच."

वाघाने डोळे बारीक केले. "तू केरू ना?"

"होतो. नाव बदललं."

"या वयात?"

"रीतसर बारसं झालं. घुगऱ्या संपल्या. नाही तर दिल्या असत्या."

कोल्ह्याने मान हलवली. आदल्या दिवशी ती आरोळी त्यानेही ऐकली होती.

वाघ म्हाताऱ्याभोवती फिरला. अंगावर खपल्या. पाठीवर वाळलेला चिखल. एक डोळा पाणावलेला. म्हातारा नाक वर करून उभा.

"अर्थ काय म्हणालास?" वाघाने कोल्ह्याला विचारलं.

"तेजाचा तुकडा, महाराज."

वाघाने म्हाताऱ्याची मांडी जरा दाताखाली धरून पाहिली. लगेच सोडली. जिभेने दात चाचपला. दात हलत होता.

"खा ना," म्हातारा म्हणाला. "का भ्यालास?"

"मी तुला कधीच भ्यालो नव्हतो."

"ठाऊक आहे. कालच कळलं. तरी विचारून पाहिलं."

वाघ मागे सरला. दरबाऱ्यांकडे वळून म्हणाला, "पुकारा. महाराजांनी ओजांश चाखला. सपक निघाला. ही श वाली नावं सगळी अशीच. अर्थ एक, माल दुसरा. यापुढे आमच्या पानात नकोत." आणि तो गेला.

आता तुम्हाला वाटेल, कळपाने म्हाताऱ्याला डोक्यावर घेतलं असेल. नाही. दुसऱ्याच दिवशी पोपट फांदीवर बसून सांगत होता, "बघा, श चं नाव! वाघाच्या दातातून परत आलं!" त्याच्यासमोर रांग लागली. अर्थाचा भाव दोन पेरू झाला. कळपात आज नव्या पिलांना श सोडून दुसरं नाव नाही, आणि वाघ तिकडे ढुंकून बघत नाही. तो हल्ली हरणांच्या कुरणाकडे असतो. तिकडे व वर संपणारी नावं निघाली आहेत. अर्थ फार गोड आहेत म्हणे.

म्हाताऱ्याला त्याचं जुनं नाव परत हवं होतं. पण त्यासाठी पुन्हा खळग्यात उतरायला हवं. ठकूने साफ सांगितलं, "आबा, मागच्या वेळी तुम्हाला बाहेर काढता काढता माझी पाठ धरली. आता नाही."

त्यामुळे सगळे त्याला ओजांश आजोबा म्हणतात. तो ऐकू आलं नाही असं दाखवतो. छोटा केरू मात्र दिवसभर पाचोळ्यात लोळतो, आणि त्याच्या आईला जेव्हा त्याला हाक मारायची असते, तेव्हा ती आधी आजूबाजूला कुणी पाहुणं नाही ना ते बघते.

तात्पर्य: मुलांनो, नाव कितीही मोठं मिळो, त्याला कधी जागू नका. म्हातारा नावासारखा तेजस्वी असता, तर वाघाच्या पोटात गेला असता. माझ्या नातवाच्या नावाच्या शेवटीही श आहे. अर्थ फार मोठा आहे म्हणतात. पोरगा अजिबात तसा नाही. मी निर्धास्त आहे.