विचारेल त्याला 'वाय'

सर्व्हरच्या मागची धूळ काढायची, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. त्याच्याशी दुसरं काही करायचा माझा विचार नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

सर्व्हर म्हणजे नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचा मोठा कॉम्प्युटर. नाट्यगृहाच्या तळघरात ओल, म्हणून तो आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात असतो आणि माझे यजमान त्याची देखभाल करतात. तो युनिक्सवर चालतो. (युनिक्स म्हणजे काय ते मला विचारू नका. मी दहावी पास आहे. इतक्या वर्षांत मला एवढंच कळलंय, की त्याला बंद करायचं तर आधी रीतसर सांगावं लागतं.)

मी सांगितलं नाही. व्हॅक्यूम क्लीनर लावायला बोर्डावर जागा हवी होती, म्हणून एक पिन काढली. कोपऱ्यातली घरघर थांबली. आधी वाटलं, अगंबाई, किती शांत वाटतंय! मग लक्षात आलं, ती पिन सर्व्हरचीच होती. पिन घाईघाईने परत लावली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि एक पांढरा चौकोन नुसताच डोळे मिचकावत राहिला.

त्या संध्याकाळी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. तिकीटखिडकी दुपारीच उघडणार होती. मागे एकदा यंत्र रुसलं तेव्हा मॅनेजर यजमानांना म्हणाले होते, "पुन्हा खिडकीवर गोंधळ झाला तर हे काम मी दुसऱ्याला देईन."

तेवढ्यात यजमान डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले. काळा चष्मा लावून, सासूबाईंचा हात धरून.

"थेंब घातलेत डोळ्यांत," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत याला जवळचं दिसणार नाही. जिन्यात शेजारीण भेटली, तर तू समजून तिच्याच हातात पिशवी दिली याने!"

"अहो, एक सांगू? रागवायचं नाही."

"सर्व्हर बंद का आहे?" (दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं येत होतं.)

मी सगळं सांगितलं. ते पलंगावर बसले. "बूट डिस्क बिघडली. ज्या डिस्कवरून मशीन सुरू होतं ती. वीज अचानक गेली की तिच्यावरचं सगळं विस्कटतं. तिकिटं दुसऱ्या डिस्कवर आहेत, ती शाबूत असतील."

"मग करा ना दुरुस्त!"

"दिसलं तर करीन ना! आता तूच कर. तू वाच, मी सांगतो ते टाइप कर."

"ही?" सासूबाई म्हणाल्या. "हिने परवा माझा फोटो धोब्याला पाठवला."

मी पदर खोचला आणि बसले. ड्रॉवरमधली सीडी घातली, तिच्यावरून यंत्र कसंबसं जागं झालं. मग एकेक अक्षर विचारत पहिली आज्ञा टाइप केली. पडदा भराभर भरला आणि प्रश्न सुरू झाले.

"अहो, हे विचारतंय, दुरुस्त करू का?"

"वाय दाब. वाय म्हणजे हो."

"आता विचारतंय, जोडू का?"

"वाय."

"पुसू का म्हणतंय! पुसू देऊ?"

"अगं, विचार करू नकोस. विचारेल त्याला वाय!"

मी दाबत सुटले. वाय, वाय, वाय. सासूबाई पाठीशी उभ्या होत्या. "लग्नाआधी तुझ्या आईनेसुद्धा एवढे प्रश्न विचारले नव्हते," त्या म्हणाल्या.

"तिच्या आईंना तर एकालाही धड उत्तर मिळालं नव्हतं," यजमान म्हणाले.

मग आली खरी कसोटी. यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम त्या डिस्कवर नव्याने लिहायचा होता.

"डिस्कच्या नावात शेवटी काय आहे? शून्य की एक?"

"शून्य."

"नक्की? एक असेल तर तिकिटांची डिस्क जाईल, आणि माझं कामही."

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. सासूबाईंनाही दाखवलं. "शून्यच आहे रे," त्या म्हणाल्या, "चांगलं गोल गरगरीत."

यंत्राने विचारलं, खात्री आहे का? वाय! सीडी काढली, यंत्र पुन्हा चालू केलं. क्षणभर काहीच नाही. मग घरघर! ओळींमागून ओळी धावल्या आणि तिकिटांचा प्रोग्रॅम उघडला! मी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी माझा गालगुच्चा घेतला (पहिल्यांदाच), आणि यजमानांनी मिठी मारली. सासूबाईंना. त्यांना दिसत नव्हतं ना.

"आता चाचणी म्हणून तुझ्या नावावर एक सीट घालून बघ," ते म्हणाले, "मग रद्द करू." आणि मॅनेजरना कळवायला फोन घेऊन बाहेर गेले.

मी नाव घातलं, सीट घातली. यंत्राने परत काहीतरी विचारलं. तोवर मी प्रश्न वाचायचे सोडून दिले होते; प्रश्नचिन्ह दिसलं की बोट आपोआप पडायचं. वाय. पुन्हा विचारलं. वाय. (वाटलं, दुखण्यानंतर थोडी कुरकुर राहतेच.) बोट दुखायला लागलं तरी मी सोडलं नाही. शेवटी प्रश्न संपले. बरं झालं बाई एकदाचं!

थोड्या वेळाने मॅनेजरचा फोन आला. यजमानांनी तो स्पीकरवर टाकला.

"साहेब, हाऊसफुल! खिडकी उघडायच्या आत अख्खं नाट्यगृह एका बाईंनी घेतलं! काय हो ही रसिकता! पडदा उघडण्याआधी रंगमंचावर सत्कार करतोय त्यांचा. बाहेरच्या रांगेला घरी पाठवू ना?"

"थांबा!" यजमान ओरडले. काळ्या चष्म्याआडून त्यांनी बरोबर माझ्याकडे पाहिलं. "रांग सोडू नका. त्या बाई... त्या सगळी तिकिटं रद्द करताहेत."

मी केव्हाच सुरुवात केली होती. (मघाशी ते 'आणखी एक सीट घालू?' असं विचारत होतं तर!) प्रत्येक सीटला यंत्र विचारत होतं, नक्की रद्द करू? वाय. वाय. वाय.

"रद्द?" मॅनेजरचा आवाज पडला. "बरं, यंत्र चालतंय ना, मग तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण असली माणसं मी ओळखून आहे. त्या बाईंचं नाव खिडकीत लावून ठेवतो. त्यांना इथे पुन्हा एकही तिकीट मिळणार नाही!"

यजमानांचं काम वाचलं. खिडकीतला कागद मात्र अजून आहे. नाटकाला आम्ही आता सासूबाईंच्या नावावर जातो, आणि दारातल्या माणसाला त्या दर वेळी मोठ्याने सांगतात, "ही माझ्याबरोबर आहे. कशाला हात लावणार नाही."