भिवामामांची हजेरी

भिवामामा लाकूड कापायची मशीन सुरू करण्याआधी हजेरी घेतात. आवाजाच्या टप्प्यात जेवढे जीव असतील तेवढ्यांची नावं मोठ्यानं पुकारतात आणि प्रत्येकाची ओ आल्याशिवाय दोरीला हात लावत नाहीत. आमच्या घरात मी, सुनीता, आमची लेक चिऊ आणि वाघ्या नावाचा कुत्रा. वाघ्याचंही नाव येतं. त्याची ओ मी द्यायची असते. ती भुंकून दिलेली चालत नाही, हे मी एकदा करून पाहिलेलं आहे.

सगळ्यांच्या ओ आल्या की मामा शेवटचं नाव घेतात. ते मात्र मोठ्यानं नाही.

"रखमा."

आमच्या वस्तीत रखमा नावाचं कुणी नाही. मामा मान थोडी वाकडी करून थांबतात. उन्हात सगळं चिडीचूप होतं. ओरडणाऱ्या साळुंक्यासुद्धा गप्प होतात, असं मला तरी दर वेळी वाटतं. मग पलीकडून कुणी काही कळवल्यासारखी मामा मान हलवतात, "हां" म्हणतात आणि दोरी ओढतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा भर बारा वाजता माझ्या हातावर काटा आला होता.

आमची ओळख झाली ती माझ्या अकलेमुळे. कारेगावची भाड्याची खोली सोडून आम्ही शिरूरच्या बाहेर घर बांधलं. मागच्या खोलीवर एक वाळलेला कडुलिंब झुकला होता, आणि त्या खोलीत चिऊ झोपायची. माणूस बोलावून झाड पाडून घ्यायचं, हा साधा उपाय मला सुचला नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि मशीन मागवली. कंपनीत मी हिशेबाच्या खात्यात आहे. यंत्राशी माझा संबंध लिफ्टचं बटण दाबण्यापुरता.

सुट्टीच्या दिवशी मी हेल्मेट घालून मशीन सुरू केली आणि बांधावरच्या बाभळीवर सराव म्हणून टेकवली. धूर भरपूर निघाला. बाभळीला ओरखडाही नाही. मी जोर लावला, धूर वाढला. थोड्या वेळानं मशीन बंद पडली ती पडलीच. मी दोरी ओढत राहिलो, खांदा उतरायची वेळ आली. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "सायेब, झाड शेकताय का?"

तेच भिवामामा. दौंडला रेल्वेच्या गँगवर जन्म घालवून निवृत्त झालेले, शेजारच्या रानात एकटे राहणारे. आत आले, मशीन उलटी केली आणि साखळीवरून अंगठा फिरवला.

"दात कुठं बघत्यात?"

मी म्हणालो, झाडाकडे.

"तुमच्याकडं बघत्यात. साखळी उलटी घातली तुमी."

मग त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि नाक आत घातलं. मामांचं सूत्र एकच, आधी वास, मग हात. त्या वासावरून त्यांनी मला सांगितलं की यात ऑइल मिसळलेलं नाही आणि पेट्रोल दिवाळीपासून डब्यात पडून राहिलेलं आहे. मग माझा हात हुंगला आणि म्हणाले, चोक ओढून ओढून प्लग भिजवला तुमी. नंतर त्यांनी मशीन बिघडल्याचं खरं कारण म्हणून, ती पश्चिमेकडं तोंड करून ठेवली होती, असं ठासून सांगितलं. मामांचं ज्ञान असं. चार गोष्टी बरोबर, पाचवी कुठून आली देव जाणे, आणि पाचही सारख्याच अधिकारानं. पाचवीला मी हसलो तर आठवडाभर बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मशीन माझी, पण राहते मामांकडे. ते तिला पूर्वेकडं तोंड करून ठेवतात. रोज फिल्टरमधला भुसा झटकतात, प्लग पुसतात, गोल कानशीनं एकेक दात घासतात. धार नीट असली की लाकडाची शेव पडते, बोथट झाली की पीठ पडतं. शेव पडली की मामा चिमूटभर उचलून मला दाखवतात, जणू मी खाणार आहे.

रखमा कोण, हे सुनीतानं बायकांकडून काढलं. मामांची बायको. जाऊन दोन पावसाळे झाले.

मी सुनीताला म्हणालो, म्हाताऱ्याची सवय आहे, दुसरं काय. ती म्हणाली, सवय नाव घ्यायची असेल, पण मान कशाला हलवतात? त्यानंतर शेवटच्या नावाच्या वेळी मीही कान द्यायला लागलो. फक्त वारा ऐकू यायचा. वाघ्या मात्र प्रत्येक वेळी मामांच्या घराकडे तोंड करून बसायचा, आणि शेपूट हलवायचा.

कडुलिंबाचा दिवस ठरला. वळवाचे दिवस तोंडावर आले होते. आदल्या दिवशीच्या वावटळीत झाड आणखी झुकलं होतं, आणि बुंध्याची साल कर्र कर्र वाजत होती. सुनीतानं चिऊचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं होतं. मामांनी झाडाला दोर बांधला, मशीन तपासली, साखळीच्या ऑइलची टाकी उघडून भरली आहे ना ते पाहिलं. मग हजेरी. चिऊची ओ आली, सुनीताची आली, माझी आणि वाघ्याची मी दिली.

"रखमा."

मामा थांबले. मान वाकडी. आम्हीही थांबलो. मामांची मान हलली नाही.

त्यांनी पुन्हा नाव घेतलं. मग मशीन खाली ठेवली, फिल्टर काढला. तो स्वच्छच होता, तरी फुंकला. प्लग काढला, हुंगला, सदऱ्याला पुसून परत बसवला. साखळी मध्यभागी उचलून ताण पाहिला. आणि परत हाक मारली. आकाश एका बाजूनं काळं होत चाललं होतं, माझ्या घरावर झाड लोंबत होतं, आणि वारलेली बायको ओ देत नाही म्हणून मामा मशीनचा प्लग पुसत होते. एरवी मी याच्यावर महिनाभर हसलो असतो. तेव्हा मला हसू येईना. कारण वाघ्या मामांच्या घराकडे बघत नव्हता. तो माझ्या पायाशी येऊन पडला होता.

"मामा, वारं सुटेल," मी म्हणालो.

ते मशीनशेजारी खाली बसले. बोलले ते मशीनकडे बघतच. शेवटची वर्षं रखमामामी खाटेला खिळली होती, आवाज गेलेला. मामा रानात त्यांची जुनी मशीन सुरू करायच्या आधी तिला हाक मारायचे. ती खाटेच्या दांडीवर तांब्या वाजवायची. तांब्या वाजला म्हणजे बरं आहे, कर सुरू. मशीन एकदा पेटली की मग तिकडं काही झालं तरी मामांना ऐकू येणार नव्हतं. गँगवरही तेच, गाडी यायच्या आधी मुकादम एकेकाला पुकारायचा, सगळे रुळाबाहेर आल्याची ओ मिळायची, मगच झेंडा.

"ती गेल्यावर पयल्यांदा मशीन काढली, तवा सवयीनं हाक मारली," मामा म्हणाले. "तांब्या वाजला. कसा वाजला, मला इचारू नगं. वाजला."

दर वेळी वाजला. आज वाजला नव्हता.

मामा मला कायम "सायेब" म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नाव घेतलं.

"दत्ता, मशीन सुरू न्हाई झाली तर बघता येतं. पेट्रोल बघायचं, ठिणगी बघायची, हवा बघायची. पर हे कसं बघायचं? माझा कान गेला, का ती गेली? तुझा कान तरणा हाय. तुला आलं का ऐकू?"

आलं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. बॉसपुढे, बायकोपुढे मी याहून फालतू कारणांसाठी खोटं बोललो आहे. तोंड उघडलंही होतं.

"खरं सांग," मामा म्हणाले. "खोट्यानं भागलं असतं तर मी माझं मलाच सांगितलं असतं."

"नाही, मामा. मला काही ऐकू आलं नाही."

मामांनी मोठा श्वास सोडला. बिघाड सापडला की ते सोडतात तसाच.

"मंग कान शाबूत हाय," ते म्हणाले.

मला आधी कधी ऐकू आलं होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मी त्यांना गडबड केली नाही, वाऱ्यानं केली. झाड एकदा जोरात करकरलं आणि मामा उठले. त्यांनी हजेरी पुन्हा पहिल्यापासून घेतली. चिऊ, सुनीताबाय, दत्ता, वाघ्या. मग त्यांचे ओठ उघडले, मिटले. त्यांनी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात मशीन पेटली.

कडुलिंब मोकळ्या जागेत पडला, घराला पान लागलं नाही. वळीव आला, गेला. मामा आमच्या ओसरीवर बसून राहिले. सुनीतानं पिठलं-भाकरी वाढली, ती सावकाश खाल्ली. तिन्हीसांजेला निघताना कुंपणाशी थांबले.

"दत्ता, रोज या वक्ताला मला एक हाक मारत जा. हितनंच. मी ओ दीन."

मी हो म्हणालो. मग न राहवून विचारलं, "आणि एखाद्या दिवशी ओ आली नाही तर?"

मामांनी मशीन एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"तर काय बी खोलून बघत बसू नगं," ते म्हणाले. "सरळ दार उघड."