खिडकीत चर्च आलं

बटाटे सोलता सोलता लाइनेने मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत चर्च होतं.

तिथे समुद्र असायचा. सारेमा बेटावरच्या टेकडीवरची ही लाकडी पवनचक्की दुरुस्त करून ती आणि एल्मार राहायला आले, तेव्हापासून चार वर्षं त्या खिडकीत समुद्रच होता. लाइनेने पडदा ओढला, दहापर्यंत आकडे मोजले, पुन्हा उघडला. चर्च निम्मं सरकलं होतं. आता धुक्यातून स्मशानातले क्रूस एकामागून एक खिडकीसमोरून चालले होते, सावकाश, रांगेने. जमिनीखालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. दिवा गेला.

लाइने किंचाळली नाही. तिच्या आईला शेवटी शेवटी स्वतःची चूलसुद्धा ओळखता येईना. गेला महिनाभर लाइनेलाही नावं आठवत नव्हती. म्हणजे आलीच वेळ. तिने खाली किनाऱ्यावर होडी रंगवणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

“एल्मार, घरी येतोस?”

“काय झालं?”

“काही नाही. स्मशान खिडकीतून चाललंय.”

 मग एल्मार अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बरं, चालू दे हं. तू फक्त शेगडी बंद कर आणि बसून राहा.”

चाळीस वर्षांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. आता मात्र लाइनेला घाम फुटला.

एल्मार धापा टाकत टेकडी चढला. दगडी पायऱ्या चढून त्याने कडीला हात घातला, तर हाताला नुसत्या फळ्या लागल्या. दार नव्हतंच! त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेलं निळं दार. घर चुकलं म्हणावं, तर टेकडीवर दुसरं घरच नव्हतं. ‘दोघांचंही डोकं एकाच दिवशी गेलं,’ त्याच्या मनात आलं.

धुक्यातून पावलं वाजली. शेवटच्या चक्कीवाल्याची मुलगी, नव्वदीची अल्विनेआजी, माशांची टोपली घेऊन चक्कीच्या दगडी जोत्याला हात लावत येत होती.

“आजी, काय करताय?”

“दार शोधतेय रे. तिसरी फेरी ही. मी जवळ गेले की मेलं पुढे सरकतं.”

एल्मारने तिला मिठीच मारायची बाकी ठेवली. तेवढ्यात वर काहीतरी फडफडलं. धुक्यात चार पांढऱ्या आकृत्या हात पसरून लोंबत होत्या. एल्मार आजीमागे सरकला.

“चादरी आहेत त्या,” आजी म्हणाली. “चक्कीच्या पात्यांवर कुणी वाळत घातल्या?”

“लाइनेने.”

“आणि खालच्या पाचरी?”

“त्या मी काढल्या. कालच. बाक करायला.”

“शाब्बास! अरे, अख्खं घर एका खुंटावर उभं आहे. वारा फिरेल तशी बाबा ही चक्की फिरवायचे, तेव्हा धान्य दळलं जायचं. पुढे सरकारी शेतीवाल्यांनी आत खत साठवायला पाचरी ठोकून तिला जखडली. तू तिला मोकळी केलीस, बायकोने शिडं बांधली. मग ती विजेची तार तोडून वळणार नाही तर काय!”

करकरत निळं दार समोर आलं, पायऱ्यांपासून दूर, डोक्याच्याही वर, अधांतरी. उंबऱ्यात लाइने उभी होती, पांढरीफटक.

“लाइने! तू ठीक आहेस! घर फिरतंय!”

“पुन्हा सांग.”

“घर फिरतंय गं! पाचरी मी काढल्या!”

लाइने उंबऱ्यातच बसली आणि रडली. मग डोळे पुसून तिने वरूनच नवऱ्याला असं काही झापलं, की खाली गावात कुत्री भुंकायला लागली. एल्मार मान खाली घालून समाधानाने ऐकत होता.

संध्याकाळी वारा पडला. घर थांबलं ते स्वयंपाकघर नेमकं स्मशानाकडे करून. घर मागे लोटणं दोघांच्या ताकदीबाहेरचं होतं. एल्मारने आहे तिथेच पाचरी ठोकल्या आणि शिडी लावली. आजी वर आली, खिडकीपाशी उभी राहिली आणि बाहेर हात हलवला.

“कुणाला हो आजी?” लाइनेने विचारलं.

“बाबांना. इतकी वर्षं त्यांना चक्कीची पाठच दिसत होती. चिडले असतील.”

एल्मार हसला. लाइनेही हसली. मग थोडं थांबून, तिनेही हात हलवला.