बिनदाराची गोलकीपर

“आमच्या घराला दार न्हाई, म्हनून तर आमची निकिता गोलकीपर झाली!”

सूर्यभान हे वाक्य त्या आठवड्यात कमीत कमी चाळीस वेळा बोलला असेल. शनिदेव राखण करतो म्हणून जिथे घरांना दारंच नाहीत, त्या शनिशिंगणापुरात त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान. तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ आणि वर हे वाक्य, असा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पदरात ऐवज पडे. लॅक्रोस नावाचा खेळ असतो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे. सहा महिन्यांपूर्वी सूर्यभानालाही नव्हतं. पण आता तो जन्मभर तेच खेळत आल्यासारखा समजावून सांगे.

“रबरी चेंडू असतोय. काठीच्या शेंड्याला जाळी. जाळीतच झेलायचा, जाळीतनंच फेकायचा. आन आमची पोरगी चौकटीत हुबी! चौकटीला दार न्हाई! आता तुमीच सांगा, बिनदाराची चौकट राखायची सवय शिंगणापूरच्या पोरीइतकी कुनाला आसंल?”

गिऱ्हाईक मान डोलवी. त्याला दर्शनाची रांग गाठायची असे.

भारताच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच परदेशात खेळायला निघाला होता. शुक्रवारी अकराला निकिता जीपने पुण्याला जाणार, तिथे सामानाची तपासणी, पुढे संघाबरोबर विमान. तपासणीत काठी नसली तर तिच्याऐवजी राखीव मुलगी जाणार, हे पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. सूर्यभानाने ते पत्र इतक्यांना वाचून दाखवलं की घडीवर कागद फाटला.

माणूस चारचौघांत जे बोलतो आणि एकटा असताना जे करतो, त्यांचा ताळा सहसा जुळत नाही. सूर्यभानाचा गुरुवारी दुपारपर्यंत जुळत होता. तो जेवायला घरी आला, तर पोरीची काठी शेजारच्या आंब्यात! खाली शेजारीण झुंबरबाई लुगड्याचा काचा मारून कैऱ्या उतरवत होती.

“सूर्यभाना, कैऱ्या उतरायला झेला लई झ्याक आनलाय रं पोरीनं! एक कैरी फुटली न्हाई!”

“काकू, झेला न्हाई त्यो! भारताची काठी हाय!”

“मग मी काय भारताभाईर ऱ्हाती व्हय?”

तिचं काही चुकलं नव्हतं. ती घरात शिरली, काठी घेतली, काठीच्या जागी खूण म्हणून दोन कैऱ्या ठेवल्या. तीस वर्षं ती असंच करत आली होती. सूर्यभानाच्या घरातली पाटी, पहार, पोळपाट, सगळं तिच्याकडे जाऊन परत आलेलं. मागायचं कशाला? दार असतं तर वाजवलं असतं!

कैऱ्या उतरवून तिने काठी जागेवर ठेवलीही, पण सूर्यभान ती उलटसुलट करून बघत बसला. उद्या आणखी कुणी नेली तर? जाळी उसवली तर? त्याने सायकलवर टांग मारली, घोडेगाव गाठलं आणि पूर्वजांपैकी कुणी केलं नव्हतं ते केलं. कुलूप विकत घेतलं! पण ते लावणार कशाला? घराला दार नाही, कपाटाला कडी नाही. शेवटी गावात मुक्कामाला आलेली पाथर्डीच्या अमृतची जीप दिसली. हीच जीप निकिताला पुण्याला नेणार होती. तिच्या टपावर लोखंडी पेटी होती. सूर्यभानाने काठी पेटीत ठेवली, कुलूप मारलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि अमृतशिवाय कुणाला काही न सांगता सदरा खाली ओढला.

शुक्रवारी सकाळी उठून बघतो तर जीप नाही! अमृतला नगरच्या स्टेशनचं भाडं लागलं होतं.

“तात्या, काळजी करू नगा,” अमृत फोनवर म्हणाला. “अकराच्या आत हजर! पेटी जशीच्या तशी हाय.”

सूर्यभानाने ठरवलं, गप्प बसायचं. काठी येईल, गुपचूप काढू, ‘अगं, इथंच तर हुती’ म्हणू. सोपं काम!

नऊला निकिता म्हणाली, “पप्पा, माझी स्टिक कुठंय?”

“आसंल की हितंच.”

निकिताच्या आईने शेजारी विचारलं. शेजारणीने पलीकडे विचारलं. पहिल्या घरी ‘काठी सापडंना’ होतं, पाचव्या घरी ‘काठी गेली’ झालं आणि दहाव्या घरी पोचेपर्यंत जो शब्द गावात कुणी उच्चारत नाही, तोच उच्चारला गेला. चोरी! मोबाईलवर बातम्या देणारा तुषार तर दारात, म्हणजे दार असतं तिथे, येऊन उभाच राहिला.

“तात्या, दोन शब्द बोला! काल म्हनत हुता ना, आमच्या गावात कुलूप लागत न्हाई?”

सूर्यभानाने करदोटा चाचपला. किल्ली काट्यासारखी टोचत होती. फोन लावला, तर अमृत म्हणाला, “तात्या, पंक्चर! अर्धा तास!”

तेवढ्यात कुणाला तरी कालचा आंबा आठवला. झुंबरबाईकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांनी झाडाकडे बघितलं. पण सत्तर वर्षांच्या बाईला झाडाकडे बघणारी नजर कळत नाही होय? ती उठली, घरात गेली, अंगावर दोन तांबे ओतून घेतले आणि थबथबलेल्या लुगड्याने बाहेर आली.

“मी काल नेली, काल ठिवली. आता ओल्या अंगानं देवाम्होरं जाऊन सांगती. खोटं आसंल तर देव बघून घील.”

ती देवळाच्या वाटेला लागली. मागे थेंबांची रेघ. निकिता धावली, “आजी, नको! मी नाही जात खेळायला, पण तुम्ही शपथ घेऊ नका!”

तेव्हा सूर्यभान वाटेत आडवा आला. सदरा वर केला आणि पोट दिसत असताना, तुषारचा मोबाईल चालू असताना, किल्ली काढून दाखवली.

“काकू, काठी माझ्याकडंच हाय. पेटीत. कुलपात.”

झुंबरबाईने पदर पिळला.

“गावात चोर हाय, आसं वाटलं तुला?”

“न्हाई, काकू.”

“मग कुलूप कुनासाठी घेतलं? माझ्यासाठीच की.”

सूर्यभानाने सदरा हळूच खाली ओढला.

अकरा वीसला जीप आली. पेटी उघडली, काठी निघाली. निघताना निकिता झुंबरबाईच्या पाया पडली आणि बापाजवळ येऊन हळूच म्हणाली, “पप्पा, माझ्या मागं कुणीच नसतं. पुढच्या मुली चेंडू अडवतील, एवढ्याच भरवशावर उभं राहायचं असतं. एवढाच खेळ आहे.”

सूर्यभानाने मान हलवली. कुलूप दुकानात, रुईच्या माळांमागे खिळ्याला टांगलं. फेकून द्यायची हिंमत झाली नाही, आणि वापरायची तर गेलीच होती.

आठवड्याने दुपारी पहिला सामना. मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून सूर्यभान बसला. झुंबरबाई न बोलावता आली. दुकानालाही दार नव्हतं. पलीकडच्या पोरी वाऱ्यासारख्या पळत होत्या. आपल्या पोरी पडत होत्या, उठत होत्या. एकामागून एक चेंडू निकिताच्या चौकटीत शिरत होता. सूर्यभान बोटांवर गेलेले मोजत होता. झुंबरबाईचा हिशेब निराळा. निकिताने एक अडवला की ती ओच्यातला एक चिंचोका काढून फळीवर ठेवी.

सामना संपला. सतरा विरुद्ध तीन. पडद्यावर निकिता घामाने निथळत उभी होती आणि तिच्या संघातल्या सगळ्या पोरी धावत तिच्याकडेच आल्या होत्या.

“सतरा गेले, काकू,” सूर्यभान पडेल आवाजात म्हणाला.

“चौदा राखले,” झुंबरबाईने फळीवर बोट ठेवलं.

“तरी पन... चौकटीला दार पायजे हुतं.”

झुंबरबाईने चिंचोके ओच्यात भरले, माळांमागच्या खिळ्याकडे बघितलं आणि उठता उठता म्हणाली,

“मग लाव की फोन पोरीला. म्हनावं, दार तेवढं तू बघ, कुलूप बापाकडं तयार हाय!”