पेशी हिरव्या करण्याबाबत

संस्थेत मंत्रिमहोदय येणार असल्यानं प्रयोगशाळा प्रेक्षणीय करावी, असं वरून ठरलं. त्यामुळे संचालक आयुष्यात पहिल्यांदा जिना उतरून तळघरातल्या पेशी विभागात आले आणि नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

अंधाऱ्या खोलीत हलत्या फळीवर काचेच्या बाटल्या डुचमळत होत्या. आत पिवळट, बुळबुळीत गोळे. एका रानझुडपाच्या या पेशींना स्वस्तातलं अल्कलॉइड, म्हणजे एक वनस्पतिजन्य रसायन, खाऊ घातलं, की त्या त्याचं रक्ताच्या कर्करोगावरचं औषध करून देत. असा वाण हाती लागेपर्यंत विभागातल्या संशोधक बाईंची उमेदीची वर्षं संपली होती. चाचणीच्या वॉर्डात याच औषधावर तगून असलेल्यांत बाईंची सख्खी आत्याही होती.

“हे काय शेंबडासारखं?” संचालकांनी विचारलं.

“सर, वनस्पतीच्या पेशी.”

“वनस्पती? मग हिरव्या का नाहीत?”

“उजेडात ठेवल्या तर होतील. पण मग औषध करायचं कायमचं सोडतात.”

“म्हणजे होऊ शकतात! मग घोडं अडलंय कुठे?”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, तोही मनातल्या मनात. कारण नेमणूक अजून कंत्राटी होती. पेशी दिव्यांखाली गेल्या. फळी भरगच्च दिसावी म्हणून वाण जपायला ठेवलेल्या राखीव बाटल्याही मागवण्यात आल्या. बाईंनी जिवावर उदार होऊन एक कपाटात दडवली, ती नेमकी स्वच्छता समितीला सापडली. ‘विनाकारण अंधारात ठेवलेला माल’ या सदराखाली तीही उजेडात आणली गेली.

पेशी हिरव्यागार झाल्या. मंत्रिमहोदय गहिवरले. “निसर्ग तो निसर्गच!” म्हणत त्यांनी बाटली गालाशी धरून फोटो काढून घेतला. बाई तिथल्या तिथे कायम झाल्या, वर हरित विभागाच्या प्रमुखही.

पुढच्या आठवड्यात वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला. “मॅडम, पुढची खेप कधी? आत्याबाई सारख्या तुमचीच वाट बघतायत हो.”

बाई धावत संचालकांकडे गेल्या. “सर, थेंबभर औषध निघत नाहीये. माणसं मरतील हो!”

“मग त्यांना फोटो पाठवा ना,” संचालक समजुतीनं म्हणाले. “रुग्णाला तेवढीच उभारी.”

आत्या गेली. फोटो मात्र घरोघरी पोचला. तुमच्याकडेही आला होता. तुम्हीच नाही का त्याखाली हिरवं हृदय चिकटवून घरच्या ग्रुपवर ढकललात?